मोत्याचा ‘नैसर्गिक’ रंग म्हणजे नेमकं काय?

या व्याख्यानमालेत आपण रोजच्या बोलण्यातला एकेक शब्द घेतो आणि तो खरोखर काय सांगतो ते तपासून पाहतो. आजचा शब्द आहे ‘नैसर्गिक’. साबणावर, मधावर, औषधावर, रसाच्या बाटलीवर हा शब्द छापलेला असतो. तो इतका सवयीचा झालाय की त्याचा अर्थ काय, असं कुणी विचारलं तर आपण क्षणभर अडखळतो. म्हणून आपण त्याला जरा अवघड ठिकाणी नेऊन उभं करणार आहोत. ते ठिकाण म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर पिकवला जाणारा मोती.

समजा, असा एक मोती आपल्यासमोर आहे. रंग हिरवा, वर जांभळट झाक. सोबत रत्नपरीक्षा प्रयोगशाळेचा दाखला आहे. त्यावर दोन गोष्टी लिहिल्यात. पहिली, हा संवर्धित मोती आहे, म्हणजे बाजारात ज्याला आपण कल्चर मोती म्हणतो तो. दुसरी, याचा रंग नैसर्गिक आहे. आता गंमत पाहा. मोती माणसानं घडवून आणलेला, पण रंग मात्र निसर्गाचा. एकाच वस्तूबद्दल ही दोन विधानं एकत्र कशी नांदतात? दाखला देणाऱ्याचा गोंधळ झालाय, की ‘नैसर्गिक’ हा शब्द आपल्याला वाटतो त्यापेक्षा वेगळं काही सांगतोय? आजचा सगळा विषय एवढाच.

आधी आपल्या मनातला मोती पाहू. मराठीत ‘मोतिया’ नावाचा एक रंगच आहे, आणि तो पांढुरका, किंचित पिवळसर. नथीतला मोती डोळ्यांसमोर आणा, तोही तसाच. म्हणजे आपल्या भाषेत मोती हे रंगाचं नाव होऊन बसलंय. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मोत्यांवर एक प्रकरण आहे. मोती कुठला यावर त्याची छटा ठरते असं तो सांगतो, ताम्रपर्णीच्या मोत्याला किंचित तांबूस झाक असते असंही सांगतो. म्हणजे मोती एकरंगी नसतो हे जुन्या लोकांना ठाऊक होतं. तरी हिरवा मोती दाखवला की आपण म्हणतो, ‘रंगवलाय वाटतं!’ ही शंका लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे.

आता पॅसिफिककडे वळू. हे मोती देणाऱ्या शिंपल्याचं शास्त्रीय नाव पिंक्टाडा मार्गारिटिफेरा. याच्या आतल्या चकचकीत भागाची कड काळपट असते, म्हणून त्याला काळ्या ओठांचा शिंपला म्हणतात. फ्रेंच पॉलिनेशियातली तुआमोटू आणि गांबिये ही बेटं, कुक बेटांपैकी मानिहिकी, आणि फिजीतला सावुसावूचा उपसागर ही याच्या शेतीची नावाजलेली ठिकाणं. बाजारात ‘ताहिती मोती’ हे नाव चालतं, पण ते व्यापाराच्या ठिकाणावरून पडलेलं नाव आहे. मोती बहुतेक करून पिकतात ते दूरच्या कंकणद्वीपांमध्ये, प्रवाळाच्या कड्यानं वेढलेल्या शांत खाऱ्या पाण्यात. आपल्याकडे नागपूरचं म्हणून विकलं जाणारं प्रत्येक संत्रं काही नागपूर शहरात लागत नाही, तसंच हे.

या शेतीत माणूस नेमकं काय करतो? पाण्यात दोऱ्या सोडून त्यांवर शिंपल्याची पिल्लं धरली जातात आणि दोन-तीन वर्षं वाढवली जातात. मग येतं कलम. हो, कलमच म्हणायचं, आपल्या हापूसच्या कलमासारखं. एक शिंपला निवडतात, त्याला आपण दाता म्हणू. शिंपल्याच्या आत कवच तयार करणारं एक मांसल आवरण असतं. दात्याच्या त्या आवरणाचे तीन-चार मिलिमीटरचे चौकोनी तुकडे कापतात. दुसरा शिंपला थोडासा उघडून त्याच्या शरीरात एक गोल मणी आणि त्याला चिकटून हा तुकडा ठेवतात. मणीही कुठला, तर बहुतेक वेळा अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातल्या गोड्या पाण्यातल्या शिंपल्याचा घासून केलेला. मग शिंपला परत पाण्यात. दात्याच्या तुकड्यातल्या पेशी वाढतात, मण्याभोवती पिशवी तयार करतात आणि त्या पिशवीच्या आत चकाकत्या द्रव्याचे थर चढू लागतात. साधारण दीड ते दोन वर्षांनी शिंपला उघडतात. काही शिंपले मधेच मेलेले असतात, काहींनी मणी बाहेर टाकलेला असतो. उरलेल्यांत मोती असतो.

म्हणजे बघा, शिंपला एकाचा, पेशी दुसऱ्याच्या, मणी तिसऱ्या खंडातला आणि हात माणसाचा. आणि रंग? तो मोठ्या प्रमाणात दात्याकडून येतो. दात्याच्या कवचाची आतली बाजू हिरवट असेल तर मोती हिरवट होण्याची शक्यता वाढते. म्हणून कलम करणारा माणूस दाता फार निरखून निवडतो. पण फक्त शक्यता वाढते, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. एकाच दात्याचे तुकडे वीस शिंपल्यांत घातले तर वीस मोती एका रंगाचे निघत नाहीत. यजमान शिंपल्याची तब्येत, पाणी, थर किती जाड चढला, यांनी रंग बदलतो. शेतकरी रंगाची इच्छा करू शकतो, तयारी करू शकतो. हुकूम करू शकत नाही.

आता रंग म्हणजे काय ते जरा खोलात पाहू. मोत्यात रंग दोन वाटांनी येतो. पहिली वाट रंगद्रव्याची. थरांमधल्या सेंद्रिय द्रव्यात शिंपल्यानं स्वतः तयार केलेली रंगद्रव्यं असतात, त्यांनी मोत्याचा मूळ रंग ठरतो: राखाडी, काळा, तपकिरी, हिरवट. दुसरी वाट रचनेची. मोत्याचा थर म्हणजे अॅरागोनाइट नावाच्या चुनखडीच्या खनिजाच्या अतिसूक्ष्म चकत्या, विटांसारख्या एकावर एक रचलेल्या, आणि मधे सेंद्रिय द्रव्याचा गिलावा. एकेका चकतीची जाडी साधारण अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून थोडी कमी, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपासची. वेगवेगळ्या थरांवरून परतणारे प्रकाशाचे तरंग एकमेकांत मिसळतात. काही रंग बळावतात, काही पुसले जातात. साबणाच्या फुग्यावर किंवा पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर जे रंग दिसतात त्याच जातीचा हा खेळ. मोती फिरवला की त्यावरची झाक सरकते, ती यामुळे.

या दोन वाटा एकत्र आल्या की जे रंग होतात त्यांना व्यापारात मोराचं, पिस्त्याचं, वांग्याचं, चेरीचं नाव देतात. आपल्या पैठणीच्या दुकानात हे सांगितलं तर कुणाला नवल वाटणार नाही. मोरपंखी, वांगी, आमसुली, डाळिंबी हे शब्द आपल्याकडे आधीपासून तयार आहेत. फिजीच्या मोत्यांत तर तांब्यासारखे, सोनेरी, चॉकलेटी असे रंगही निघतात, आणि तेच त्यांचं वैशिष्ट्य मानलं जातं.

रचनेचा रंग ही फार चमत्कारिक गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला डेव्हिड ब्रूस्टर हा स्कॉटिश शास्त्रज्ञ शिंपल्याच्या चकाकत्या तुकड्यावर प्रयोग करत होता. तो तुकडा त्यानं राळ आणि मेणाच्या मिश्रणानं चिकटवला होता. तुकडा काढल्यावर पाहतो तर मेणावरही तेच इंद्रधनुषी रंग! मेणात कुठलंही रंगद्रव्य आलेलं नव्हतं. शिंपल्याच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म रेघांचा ठसा उमटला आणि ठशाबरोबर रंग आला. सगळेच रंग असे उतरत नाहीत, खालच्या थरांमधले आतच राहतात. पण यातून एक गोष्ट कळली. रंग म्हणजे नेहमी वस्तूत भरलेला पदार्थ नसतो. वस्तू, प्रकाश आणि पाहणारा डोळा यांच्यात घडणारी ती एक घटना असू शकते.

इथे भारतीय दर्शनांच्या अभ्यासकाला एक जुना दृष्टान्त आठवल्याशिवाय राहत नाही. शुक्तिरजत, म्हणजे शिंपल्याच्या जागी चांदी दिसणं. भ्रम म्हणजे काय याची चर्चा आपल्या तत्त्वज्ञांनी शतकानुशतकं या उदाहरणावर केली. वाळूत शिंपला पडलाय, लांबून चमकतो, आणि माणूस म्हणतो, ‘ही चांदी!’ नैयायिक म्हणतात, दुसरीकडे पाहिलेली चांदी इथे आरोपली गेली. प्राभाकर मीमांसक म्हणतात, समोरचं दिसणं आणि चांदीची आठवण ही दोन वेगळी ज्ञानं आहेत, त्यांतला भेद तेवढा कळला नाही. अद्वैती म्हणतात, ती चांदी सत् म्हणता येत नाही आणि असत् म्हणता येत नाही, ती अनिर्वचनीय. मतभेद कितीही असोत, एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे. नुसतं दिसण्यावरून वस्तू काय आहे हे ठरत नाही. आणि हा धडा त्यांनी ज्या वस्तूवरून घेतला ती नेमकी शिंपल्याची चकाकती बाजूच होती.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘नैसर्गिक रंग’ याचा अर्थ काय लावायचा?

पहिला अर्थ सुचतो तो असा: ज्याला माणसाचा हात लागला नाही ते नैसर्गिक. हा अर्थ इथे लगेच कोसळतो. मणी माणसानं घातला, दाता माणसानं निवडला, आणि तोही रंग बघूनच निवडला. हा अर्थ धरला तर संवर्धित मोत्याचा रंग कधीच नैसर्गिक ठरणार नाही. आणि मग कलमी हापूसचा केशरी रंगही नैसर्गिक म्हणता येणार नाही, कारण कलम माणसानंच बांधलं. हे काही आपल्याला पटत नाही.

दुसरा अर्थ: ज्यात बाहेरून काही घातलं नाही ते नैसर्गिक. हा बराच बरा वाटतो. मोती काळा करण्याची एक जुनी रीत म्हणजे तो चांदीच्या क्षारात बुडवून प्रकाशात ठेवणं. त्यात चांदी मोत्यात शिरते, म्हणून तो रंग बाहेरचा, कृत्रिम. ठीक. पण मग दोन अडचणी येतात. काही मोत्यांवर गॅमा किरणांचा मारा करतात. त्यानं आतला गोड्या पाण्यातल्या शिंपल्याचा मणी काळवंडतो आणि मोती बाहेरून निळसर राखाडी दिसतो. इथे बाहेरचा पदार्थ काहीच आला नाही. दुसरी अडचण त्याहून बारीक. या शतकाच्या सुरुवातीला बाजारात चॉकलेटी मोती मोठ्या संख्येनं दिसू लागले. तपासणीत असं आढळलं की त्यांतले काही मोती मुळात गडद ताहिती मोती होते आणि त्यांचं रंगद्रव्य रसायनानं फिकं केलेलं होतं. घातलं काहीच नाही, उलट काढलं. उरलेला तपकिरी रंग शिंपल्याचाच. मग तो नैसर्गिक म्हणायचा का? आणि त्याच वेळी फिजीतल्या शिंपल्यातून कुठल्याही रसायनाशिवाय चॉकलेटी मोती निघतो. दोन्ही शेजारी ठेवले तर साध्या डोळ्यांना फरक सांगणं कठीण.

आपल्याकडे यासारखंच उदाहरण आहे. आढीत गवताखाली पिकलेला आंबा आणि कार्बाइडवर पिकवलेला आंबा. कार्बाइडच्या आंब्याला कुणी पिवळा रंग फासलेला नसतो, साल आंब्याचीच पिवळी होते. तरी आपण म्हणतो, हा आंबा नीट पिकलेला नाही. आपली तक्रार रंगद्रव्याबद्दल नसते. तो पिवळा ज्या वाटेनं आला त्या वाटेबद्दल असते. आंब्याचा पिवळा रंग एरवी आपल्याला एक गोष्ट सांगतो, की आत रस भरलाय, गोडी आलीय. कार्बाइडनं तो पिवळा नुसता आणला, त्यामागची गोष्ट आणली नाही.

यावरून तिसरा अर्थ हाती येतो, आणि आमच्या मते तोच टिकतो. ‘नैसर्गिक रंग’ हे मोत्याच्या दिसण्याचं वर्णन नाही, ते त्याच्या इतिहासाबद्दलचं विधान आहे. ते असं सांगतं: हा रंग जिवंत शिंपल्यात, थर चढत असताना, त्या पेशींच्या स्वतःच्या व्यापारातून आला, मोती बाहेर काढल्यावर कुणी तो बदलला नाही. माणसानं संधी तयार केली, काम शिंपल्यानं केलं. या अर्थानं मोती संवर्धित असणं आणि रंग नैसर्गिक असणं यांत विरोध उरत नाही. दाखला बरोबर आहे. एक शब्द मोत्याच्या जन्माचं कारण सांगतो, दुसरा रंगाच्या जन्माचं.

पण मग खरी अडचण सुरू होते. दिसणं प्रत्यक्षानं कळतं. इतिहास प्रत्यक्षानं कळत नाही. मोत्याकडे कितीही टक लावून पाहा, त्याचा भूतकाळ दिसणार नाही. म्हणून इथे दुसऱ्या प्रमाणांकडे जावं लागतं.

एक प्रमाण अनुमानाचं. काळ्या ओठांच्या शिंपल्याच्या रंगद्रव्याची खूण त्याच्या परावर्तित प्रकाशात सापडते. ७०० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषला गेल्याची एक खळी दिसते. अतिनील प्रकाशात या मोत्यांतून बरेचदा तांबूस प्रकाश निघतो. चांदीच्या क्षारानं रंगवलेल्या मोत्यात चांदीचा अंश सापडतो. धूर दिसला की अग्नी आहे असं आपण म्हणतो, तसंच हे: खूण दिसली, म्हणून कारण अमुक. आणि अनुमानाला जी पथ्यं असतात ती इथेही आहेत. व्याप्ती पक्की हवी, एक खूण पुरत नाही, अनेक खुणा जुळाव्या लागतात.

दुसरं प्रमाण शब्दाचं, आप्तवाक्याचं. गिऱ्हाइकाजवळ वर्णपटमापक नसतो. तो दाखला वाचतो, किंवा जवाहिऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. म्हणजे आपण जेव्हा ‘नैसर्गिक रंगाचा मोती’ घेतो तेव्हा दिसणाऱ्या रंगाबरोबर एक शब्दही विकत घेत असतो.

याचा इतिहास मोठा बोलका आहे. फ्रेंच पॉलिनेशियात मोत्यांच्या शेतीचे पहिले यशस्वी प्रयोग १९६०च्या दशकात झाले. पुढे हे गडद मोती जगाच्या बाजारात आले तेव्हा त्यांच्याकडे संशयानं पाहिलं गेलं. काळे रंगवलेले जपानी मोती लोकांनी आधीच पाहिले होते, त्यामुळे काळा मोती म्हणजे रंगवलेला असा ग्रह झालेला. आपल्या मनात मघाशी आली तीच शंका. अखेर १९७६ मध्ये अमेरिकेतल्या जीआयए या रत्नविद्या संस्थेनं या मोत्यांचा रंग नैसर्गिक असल्याचं मान्य केलं. आपल्याकडे स्वतःप्रामाण्य आणि परतःप्रामाण्य असा वाद आहे. मीमांसक म्हणतात, ज्ञान मुळात प्रमाणच असतं, बाधा दिसली तरच संशय घ्यायचा. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य बाहेरून सिद्ध करावं लागतं. एकदा बाजारात फसवणूक शिरली की गिऱ्हाईक मीमांसकाचा नैयायिक होतो. आधी तो पाहून विश्वास ठेवत होता, आता दाखला मागतो. आणि ज्यानं काहीच लपवलेलं नाही त्यालाही तो दाखला द्यावा लागतो.

याची किंमत कोण मोजतं? कंकणद्वीपावरचा शेतकरी. त्याच्याजवळ जमीन फारशी नाही, नारळ आणि मासळी सोडली तर उत्पन्नाची साधनं मोजकी. तो तीन वर्षं शिंपला वाढवतो, पुढे दोन वर्षं मोत्याची वाट पाहतो. २०१६ च्या फेब्रुवारीत फिजीवर विन्स्टन चक्रीवादळ आलं, तसं एखादं वादळ येतं आणि वर्षांची मेहनत एका रात्रीत मोडून पडते. एवढं करून शेकडो मोत्यांत एखादा असा निघतो की ज्याचा रंग पुन्हा जुळवता येणार नाही. त्या दुर्मिळतेवरच त्याचं पोट आहे. जो रंग त्याला हुकूम देऊन मिळत नाही तोच रंग कुणी आठवडाभरात भांड्यात तयार केला आणि काही न सांगता शेजारी मांडला, तर शेतकऱ्याचा मोती जसाच्या तसा राहतो, फक्त त्याच्यामागचा शब्द पोकळ होतो.

इथे एक गैरसमज टाळू. रंगवलेला मोती वाईट, असं आम्ही म्हणत नाही. तो सुंदर असू शकतो, स्वस्त असतो, हौसेनं वापरावा. साडी आपण रंगवलेलीच नेसतो. दोष रंगवण्यात नाही, न सांगण्यात आहे. १९२०च्या दशकात लंडन आणि पॅरिसच्या व्यापाऱ्यांनी संवर्धित मोत्यांना नकली म्हणून मोठं वादळ उठवलं होतं. ते शमलं कसं? संवर्धित मोती नाहीसे झाले नाहीत. त्यांना त्यांचं खरं नाव मिळालं आणि त्या नावानं ते उजळ माथ्यानं विकले जाऊ लागले. वस्तूला खरं नाव दिलं की निम्मा वाद मिटतो.

तर आपल्या शब्दाचं काय झालं? ‘नैसर्गिक’ म्हणजे शुद्ध, पवित्र, माणसापासून दूर, असा काही अर्थ निघाला नाही. मोत्यानं आपल्याला त्याहून साधा आणि उपयोगी अर्थ दिला: हा गुण कुठल्या वाटेनं आला ते सांगणारा शब्द. म्हणून पुढच्या वेळी मधाच्या बाटलीवर किंवा साबणाच्या वेष्टनावर हा शब्द दिसला तर ‘हे चांगलं का वाईट’ असं आधी विचारू नका. तीन प्रश्न विचारा. हा गुण कशातून आला? तो आल्यानंतर त्यावर काय केलं गेलं? आणि हे मला कोण सांगतंय, त्याला ते कसं कळलं? ज्या शब्दाला या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देता येतात तो माहिती देतो. ज्याला देता येत नाहीत तो नुसता चमकतो, वाळूतल्या शिंपल्यासारखा.

आजच्यासाठी एवढं पुरे.